रिकामा रकाना

इस्पितळाच्या मुख्य मॅडमनी तो शब्द अगदी सहज उच्चारला. बैठक संपत आली होती, लोक खुर्च्या मागे सरकवू लागले होते, आणि कुणीतरी जाता जाता विचारलं की नव्या डेटाबेसच्या परवान्याचं काय, तो कधी घ्यायचा. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "परवाना कसला? तो फुकट आहे." दोघे-तिघे हसले. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. दरवर्षी ज्या बिलावर सही करताना इस्पितळाचा जीव वरखाली व्हायचा, ते बिल आता येणार नाही हे कळल्यावर माणूस हसणारच. पण टेबलाच्या टोकाशी बसलेल्या त्याला मात्र, जिन्याची आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायाखाली सपाट जमीनच लागावी, तसं झालं. बाहेरून काही दिसत नाही, लागतही नाही, पण हिसका पार मणक्यापर्यंत जातो. त्यानं समोरचे कागद उगाच एकसारखे केले. फुकट. हा शब्द त्यानंच एके काळी एका माणसाला चिकटवला होता, आणि तो इतका घट्ट बसला होता की त्या माणसाचं खरं नाव पुढे पुढे कुणी घेईनासं झालं. त्याला सगळे फुकट्याच म्हणत. आणि आता त्याच शब्दाला इतक्या वर्षांनी, एवढ्या लोकांसमोर, अशी बढती मिळाली होती.

इस्पितळातल्या सगळ्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये राहत, तो सांभाळणं हे त्याचं काम. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं रक्त कुठल्या गटाचं, कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं तळघरातल्या थंड खोलीत, काळ्या कपाटांमध्ये, त्याच्या हाताखाली होतं. तो डेटाबेस एका मोठ्या कंपनीचा होता आणि कंपनी तिचं काही फुकट देत नसे. यंत्र वाढवलं की परवाना वाढे. नवी सोय हवी तर ती वेगळी विकत घ्यावी लागे. मधूनच कंपनीचा माणूस येऊन तुम्ही विकत घेतलंय त्यापेक्षा जास्त वापरत तर नाही ना, हे पाहून जाई, सासरची माणसं सुनेचं कपाट बघून जातात तसं. तरी त्याला त्या कंपनीचा अभिमान होता. तिच्या परीक्षा त्यानं दिल्या होत्या, तिचं प्रमाणपत्र चौकटीत घालून घरी दिवाणखान्यात लावलं होतं. जाड गालिच्याच्या हॉटेलात तिची संमेलनं होत, तिथून तो एकदा निळी पिशवी घेऊन आला होता, आणि बायकोनं ती उलटीपालटी करून विचारलं होतं, "हिच्यात बटाटे तरी मावतात का?" तेव्हा त्याला राग आला होता. त्या संमेलनात कंपनीच्या एका बड्या साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, की तुमच्यासारखी माणसं म्हणजेच आमची कंपनी. हात काढल्यावरही खांद्याला बराच वेळ ऊब जाणवत राहिली होती. त्या काळात त्याला सगळे साहेब म्हणायचे. साहेबाचा काका कधी झाला हे त्याच्या लक्षातच आलं नाही. केस पिकले म्हणून नव्हे. डेटाबेस जुना ठरला, त्याच सुमारास कधीतरी.

फुकट्या आणि तो एकाच महिन्यात नोकरीला लागले होते, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. फुकट्या उंच, किडकिडीत, सदऱ्याचं एक बटण कायम तुटलेलं. कामाची वेळ संपली की सगळे घरी पळायचे, आणि हा तिथंच बसून दुसरं काम सुरू करायचा. जगभरातली कुठली कुठली माणसं मिळून एक डेटाबेस लिहीत होती, जो कुणाच्याही मालकीचा नव्हता. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. त्या माणसांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नव्हती. त्यानं एकदा विचारलं होतं, मिळतं काय रे तुला ह्यातून? फुकट्या खूप गंभीरपणे म्हणाला, "अपमान मिळतो. परवा एकानं माझ्या सात ओळींतल्या नऊ चुका काढल्या. बाहेर एवढं शिकायला किती फी पडली असती." मग स्वतःच खो-खो हसला. तो घरी जेवायला यायचा तेव्हा बायको त्याला भावजी म्हणे आणि त्याच्या पानात न विचारता वाढे. फुकट्याला ती कधी फुकट्या म्हणाली नाही. नवऱ्यानं म्हटलं की कपाळाला आठी घालायची. "अहो, जो वाटतो त्याला फुकट्या म्हणायचं, का जो घेतो त्याला?" ती एकदा ताटं उचलता उचलता म्हणाली होती, आणि फुकट्या भिंतीवरच्या त्या चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे बघत, ऐकलंच नाही असं दाखवून, बोटं चाटत राहिला होता.

बैठकीनंतर दोन-चार दिवसांनी तो मॅडमच्या खोलीत गेला होता. त्याचं निवृत्तीचं वर्ष संपत आलं होतं. नव्या व्यवस्थेत सल्लागार म्हणून आणखी थोडे दिवस ठेवलं तर बरं होईल, असं त्यानं बोलून पाहिलं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, बघू. मग म्हणाल्या की नव्या इंजिनियर बाईंना सगळं नीट समजावून द्या, त्यांना तुमची मदत लागेल. म्हणजे मदत लागणार होती, माणूस लागणार नव्हता. खोलीतून बाहेर पडून तो त्या लांब मार्गिकेतून चालत राहिला, जंतुनाशकाच्या वासातून, चाकांच्या खुर्च्यांच्या मधून, आणि जिन्यापाशी पोचेपर्यंत त्याच्या मनात ती गोष्ट आकाराला आली होती. ठरवली असं म्हणता येणार नाही. बसच्या सीटवर कुणाची तरी छत्री राहिलेली दिसावी, आणि आपण हाक मारू मारू म्हणत असताना बस सुटावी, तसं ते झालं.

गोष्ट तशी लहान होती. रुग्ण आला की स्वागतकक्षातली बाई पडद्यावर त्याची माहिती भरते. त्यात एक रकाना असतो: कुठलं औषध चालत नाही. गर्दी असली, रुग्ण कण्हत असला, की ती बाई त्या रकान्यात काही न लिहिता पुढे जाते. आता काही न लिहिलेला रकाना म्हणजे काय? कंपनीच्या डेटाबेसचा एक जुना हट्ट होता. तो रिकामं आणि माहीत नाही ह्या दोन्हींना एकच समजायचा. रिकामा रकाना आला की तो म्हणे, माहीत नाही. आणि माहीत नाही म्हटलं की वॉर्डातल्या नर्सच्या पडद्यावर एक पिवळी पट्टी येई, 'रुग्णाला विचारून घ्या'. ती पट्टी खूप वर्षांपूर्वी त्यानंच बसवली होती, कंपनीच्या त्या हट्टाच्या भरवशावर. फुकट्यासारख्यांनी लिहिलेला हा फुकट डेटाबेस मात्र तसा नव्हता. तो काटेकोर होता. त्याच्या लेखी माहीत नसणं वेगळं आणि रिकामं वेगळं. रिकामा रकाना आला तर तो म्हणे, उत्तर आलेलं आहे, ते रिकामं आहे, एवढंच. म्हणजे पिवळी पट्टी येणार नाही. नर्सला वाटेल, विचारून झालंय, ह्याला सगळं चालतं. आणि ह्यातली मेख अशी होती की जुन्या लाखो नोंदी नव्या ठिकाणी हलवून कितीही तपासल्या, तरी हे सापडणार नव्हतं. कारण जुन्या नोंदी 'माहीत नाही' असा शिक्का घेऊनच तिकडे जाणार होत्या. चूक उगवणार होती ती नव्यानं भरलेल्या नोंदींमध्ये, पहिल्या खऱ्या दिवशी, पहिल्या खऱ्या माणसापाशी.

हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं ते सांगितलं नाही. नवी इंजिनियर रोज दुपारी तळघरात येऊन बसायची, तिशी उलटलेली, शांत, खालच्या पट्टीत बोलणारी. स्वेटर घालून यायची, कारण ती खोली थंड. ती विचारी ते सगळं तो सांगे. मनापासून सांगे, अगदी लागेल त्याहून जास्त सांगे, आणि सांगता सांगता त्या रकान्याजवळ आला की शेजारच्या घराचं दार उघडं दिसल्यावर आपण नजर वळवतो तसा पुढे जाई. ती विचारेल, तर सांगू. विचारल्याशिवाय आपण होऊन का सांगावं? ह्यांना सगळं फुकट हवंय. कंपनीनं कधी काही फुकट दिलं नाही म्हणून कंपनीला मान होता. आपण मात्र जन्मभर सांगत सुटलो. मग तो मनातल्या मनात पुढचं चित्र बघे. फोन वाजतोय. मॅडमचा आवाज, नेहमीपेक्षा वर गेलेला. काका, तुम्ही येऊ शकाल का. तो सावकाश चपला घालतोय. ह्या चित्रात रुग्ण कुठेच नसे. कुणीतरी असणारच, नाही तर फोन कशाला आला असता. पण तो चेहरा तो आणत नसे, आणि त्या जागी पिवळ्या रंगाचं नुसतं काहीतरी हलत राही.

त्या दिवसांत एकदा त्यानं कंपनीला फोन केला. खरं तर काम काहीच नव्हतं. इतकी वर्षं ज्या क्रमांकावर अडीअडचणीला फोन केला, तिथं एकदा बोलावं, कुणीतरी म्हणावं की अरेरे, तुमचं इस्पितळ सोडून चाललं का आम्हाला, एवढंच. पलीकडच्या मुलीनं ग्राहक क्रमांक विचारला. तो त्याला पाठ होता. झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यानं सांगितला असता. थोडा वेळ कळा दाबल्याचा आवाज आला. मग ती गोड आवाजात म्हणाली की ह्या क्रमांकाची नोंद दिसत नाही. त्यानं पुन्हा सांगितला. तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि आणखी काही मदत हवी आहे का असं विचारलं. फोन ठेवल्यावर त्यानं नकळत डाव्या हातानं उजवा खांदा चाचपला. बायको दाराशी उभी होती. ओला हात पदराला पुसत ती आत गेली, आणि आतून म्हणाली, "चहा टाकलाय. कोरा आहे, दूध संपलंय." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सांत्वन ह्याच भाषेत होत असावं.

फोन म्हटला की त्याला तो दुसरा फोन आठवे. आठवे म्हणजे काय, तो कुठे गेलेलाच नव्हता. सुट्टीची सकाळ होती; फोन तेव्हा भिंतीला असायचा, वायर पुरेल तेवढंच माणसानं हलायचं. फुकट्यानं तोपर्यंत नोकरी सोडली होती. त्याच्यासारख्याच चार वेड्यांनी मिळून एक लहानसं ऑफिस काढायचं ठरवलं होतं. तो मुक्त डेटाबेस जे वापरतील त्यांना मदत करायची, शिकवायचं, आणि पोटापुरतं कमवायचं. फुकट्या खूप वेळ बोलला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "तू ये रे. तुला जेवढं आतलं कळतं तेवढं आमच्यात कुणाला कळत नाही. येतोस का?" आणि थांबला. त्याला तिकडच्या घरातला नळ ठिबकताना ऐकू येत होता. समोरच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र होतं, काचेत त्याचाच अर्धा चेहरा. हो म्हणावं असं त्याला त्या क्षणी फार वाटलं होतं. इतकं, की पायाची बोटं आवळली गेली. पण हो म्हणायचं तर आजवर त्या माणसाला जे जे म्हटलं ते सगळं गिळायला हवं होतं. आणि नाही म्हणायचं, तर तेही जिभेवर येईना. तो रिसीव्हर कानाला लावून नुसता उभा राहिला. फुकट्यानंही घाई केली नाही. नळ ठिबकत राहिला. मग तिकडून, अगदी मऊपणे, "बरं," असं आलं आणि फोन ठेवल्याचा आवाज झाला. त्यानंतर फुकट्याचा फोन कधी आला नाही, आणि ह्यानंही केला नाही. मध्ये एकदा कळलं की ते ऑफिस कसंबसं चाललंय; मग कळलं की बरं चाललंय; आणि मग दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, फुकट्या गेल्याचं कळलं. बायको पायांत चपला घालून उंबऱ्यात थांबली. "येताय का?" तिनं विचारलं. तेव्हाही तो हो-नाही काहीच बोलला नव्हता. ती एकटीच जाऊन आली, आणि आल्यावर त्याच्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

नवी व्यवस्था एका वॉर्डात सुरू झाली त्या सकाळी त्याला तिथं काही काम नव्हतं. तरी तो हातात एक फाइल धरून वर गेला. इस्पितळात हातात फाइल असली की कुणी काही विचारत नाही. स्वागतकक्षापाशी एक म्हातारी खुर्चीत बसली होती, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, आणि तिचा मुलगा टेबलावर वाकून भराभर माहिती सांगत होता. म्हातारीच्या पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला होत्या. घाईत निघाले असतील. टेबलापलीकडची बाई खटाखट कळा दाबत होती, आणि त्याला पडदा दिसत नव्हता, पण बोटांच्या लयीवरून कळलं: तो रकाना आला आणि बोट न थांबता पुढे सरकलं. म्हातारीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि हा डॉक्टर असेल असं समजून, दुखऱ्या हातासकट दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला. तो मागे वळला. तिचा चेहरा मात्र त्याच्याबरोबर निघाला. त्याच्या चित्रात इतके दिवस जो नव्हता, तो. जिन्यापर्यंत तो चालला, आणि मग पळाला म्हणायला हरकत नाही, ह्या वयात जेवढं पळता येतं तेवढा. सांगायचं वाक्य तोंडात तयार होत होतं, पण ते सरळ येईना. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून. आत्ताच माझ्या लक्षात आलं म्हणून. प्रत्येक वाक्याच्या पुढे आधी तो स्वतःच येऊन उभा राहत होता, आणि म्हातारी त्याच्या पाठीमागे.

तळघरात नवी इंजिनियर स्वेटरच्या बाह्या ओढून डबा खात बसली होती. तिच्यासमोरच्या पडद्यावर त्या वॉर्डातल्या नर्सला दिसतं तेच दिसत होतं. म्हातारीचं नाव होतं. नावाच्या वर पिवळी पट्टी होती, 'रुग्णाला विचारून घ्या'. त्यानं खुर्चीची पाठ धरली. धाप लागली होती.

"बसा ना काका," ती म्हणाली. "पट्टी बघताय? येते व्यवस्थित. तो रिकाम्या रकान्याचा घोळ मी आल्या आल्याच काढला होता." तिनं डब्याचं झाकण लावलं. "जुन्या डेटाबेसकडून इकडे येणारा प्रत्येक जण ह्यात एकदा आपटतोच. आमच्याकडे त्याला नावसुद्धा आहे. गप्प मित्र."

तो बसला. काय म्हणून गप्प मित्र, असं विचारायला त्याचं तोंड उघडलं होतं की नाही, ते त्याला नंतर आठवेना. पण ती सांगत होती, वॉर्डातली एकेक नोंद डोळ्यांखालून घालता घालता, सगळ्यांना माहीत असलेली गंमत सांगावी तशी. ज्यांच्याकडे ती हे काम शिकली ते सर नव्या मुलांना पहिल्याच तासाला हे उदाहरण द्यायचे. उंच होते, सदऱ्याचं बटण नेहमी तुटलेलं. ते म्हणायचे, मी मित्राला फोन केला आणि विचारलं, येतोस का. आता समजा फोन कुणी उचललाच नाही, तर त्याचं उत्तर मला माहीत नाही. पण समजा त्यानं फोन उचलला, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि तो गप्प राहिला. तर त्याचं उत्तर मला माहीत आहे. ते रिकामं आहे. ह्या दोन गोष्टी ज्या डेटाबेसला एकच वाटतात त्याच्यावर विसंबू नका.

"मुलं हसायची," ती म्हणाली. "म्हणायची, सर, काय भिकार मित्र होता तुमचा. तर ते चिडायचे. म्हणायचे, हसू नका, फोन त्यानं ठेवला नव्हता. मी ठेवला." तिनं डबा बाजूला सरकवला. "आता कुठे कुठे, मला माहीतही नाहीत अशा देशांत, लोक ह्याला गप्प मित्र म्हणतात. तो मित्र कोण ते कुणालाच माहीत नाही."

कपाटांमधले पंखे एका सुरात घुमत होते. खोलीतला गारवा त्याच्या घामावर बसून आत उतरत चालला होता. पडद्यावर म्हातारीच्या नावावरची पिवळी पट्टी एकाएकी गेली. वर कुणीतरी तिला विचारलं होतं, तिनं सांगितलं होतं, आणि रकान्यात एका औषधाचं नाव आलं होतं, जे तिला चालत नव्हतं.

नवी इंजिनियर ते नाव वाचत होती. मग तिनं खुर्ची अर्धी वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मी मॅडमना म्हटलं होतं, की मला हा घोळ सापडलाय हे मी काकांपाशी बोलत नाही, ते आपणहून सांगतील. म्हणजे तुम्हाला ठेवून घ्यायचं म्हणायला मला जोर येईल." ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगतील. तुम्हाला हे माहीत होतं ना, काका?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. आत्ता बोललं तर अजून काहीतरी होतं. माहीत नव्हतं म्हटलं असतं तर तिनं मान्य केलं असतं, तेवढी ती भली होती. माहीत होतं म्हटलं असतं तरी कदाचित. आणि तिसरं एक वाक्य होतं, तो मित्र मी, एवढंसं. ते घशापर्यंत आलं, आणि त्याच्या पायाची बोटं चपलांमध्ये आवळली गेली. कुठेतरी, कपाटांच्या मागे, थंड हवेच्या यंत्राचं पाणी नळीतून ठिबकत होतं. इतकी वर्षं ह्या खोलीत बसून ते त्याला कधी ऐकू आलं नव्हतं.

तिनं घाई केली नाही. बराच वेळ ती वाट बघत राहिली.

"बरं," ती मग हळूच म्हणाली, आणि खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली.